बाकावर बसायचं राहिलं

दि. ३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

काल सुखरूप पोचले. लेक स्टेशनवर चाकांची खुर्ची घेऊन आली होती. मी तीत पिशव्या बसवल्या आणि लंगडत का होईना, स्वतःच्या पायांनी बाहेर आले. गुडघ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी, नऊ तारखेला. त्यानंतर सहा आठवडे हलायचं नाही, असा डॉक्टरांचा आणि लेकीचा हुकूम आहे. तेव्हा मार्च संपेपर्यंत माझं घर तुझ्या ताब्यात.

ज्याच्या हाताखाली चाळीस हजारांची फौज होती, त्याला मी मांजर सांभाळायला ठेवून आले हे माझं मलाच खरं वाटत नाही. पण तू फोनवर ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवून देतोस आणि मी समोरच्याला बोलू देत नाही, म्हणून सगळं पत्रात लिहिते आहे. मागच्या दाराची कडी उचलून ढकलावी लागते. मांजराचं नाव मंत्री आहे. खाऊन झोपण्यापलीकडे त्याला काम नाही, पण दूध उशिरा मिळालं तर दिवसभर सभात्याग करतो.

आता मुख्य. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते सहा समोरची खोली उघडायची. यांच्या घड्याळदुकानाची खोली रे, तेच माझं ऑफिस. मी आजारी असले तरी वॉर्डातले लोक गाऱ्हाणी घेऊन येणारच. नगरसेविका मी आहे, तू नाहीस. तेव्हा ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि मला कळवायचं. वचन कुणाला द्यायचं नाही. आणि सहा वाजता खोली बंद केली की बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसायचं. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली घडी केलेला कागद ठेव. हे बसणं चुकवू नकोस.

राष्ट्राध्यक्ष होण्याचं तुझं काय ते तू वीस मार्चपर्यंत ठरवणार म्हणतोस. मी घाई करत नाही. तू लहानपणी पोहायला येतं म्हणून सांगून विहिरीत उडी मारली होतीस, एवढंच आठवलं.

तुला ओरडायचा हक्क अजून माझ्याकडे आहे, तो असू दे.
तुझी,
ताई

दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन उत्तम झाल्याचं भाचीनं काल फोनवर कळवलं. फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर काल दिवसभर माझं कशातच लक्ष नव्हतं. मंत्र्याला दोनदा दूध दिलं गेलं.

ऑफिसच्या आतापर्यंत दोन बैठका झाल्या. शुक्रवारी नऊ माणसं होती, आज सव्वीस. तुझ्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. मी शाळेतून सहा मागवल्या आणि एका रांगेत लावल्या. नंबराच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाला सात मिनिटं. पूर्वी सहा वाजले तरी निम्मे लोक बाहेर असायचे म्हणे, आज सव्वापाचला खोली रिकामी झाली. दिव्याच्या खांबाची तक्रार होती, वीजखात्याचा अधिकारी माझ्या जुन्या पलटणीतला निघाला. एका फोनमध्ये काम झालं. म्हातारे निवृत्त टपालमास्तर माझा हात हातात घेऊन उभे राहिले. मला संकोचल्यासारखं झालं.

बाकावर बसलो नाही. लवकर संपल्यावर तिथं बसून करायचं काय? शिवाय ये-जा करणारे थांबून सलाम करतात, ते बरं दिसत नाही.

तुझ्या भिंतीवर पाण्याच्या वेळांचा एक कागद चिकटवलेला आहे. तीन रंगांच्या शाया, खाडाखोड, वर ठिगळं. वरच्या गल्लीला अमुक वाजता, खालच्या गल्लीला तमुक वाजता, बुधवारी वेगळं, रविवारी उलटं. मी युद्धाचे नकाशे वाचले आहेत, पण हा कागद मला लागला नाही. वरच्या गल्लीची तक्रार आहे की वर्षानुवर्षं त्यांचा नंबर दुसराच. ती मला रास्त वाटली.

मला राष्ट्राध्यक्षपदाला उभं करू पाहणाऱ्या पक्षाचे तिघे काल येऊन गेले. वकील, कारखानदार आणि एक वर्तमानपत्रवाला. त्यांचं म्हणणं असं, की निवडून आलेल्यांनी देशाची चाळण केली. आता कधीही मतं न मागितलेला माणूस हवा, कारण तो कुणाचा मिंधा नसतो. ताई, मी रात्रंदिवस याचा विचार करतो आहे. खुर्चीचा मोह नाही. पण समोर घर जळत असताना मला पाणी ओतायचा अनुभव नाही म्हणून हात बांधून उभं राहायचं का?

तुझा गुडघा आणि तुझी जीभ दोन्ही लवकर पूर्ववत होवोत.
तुझा,
टिल्लू

दि. १४ फेब्रुवारी

प्रिय मामास,
सप्रेम नमस्कार.

आई पाचव्या दिवशी काठी घेऊन खोलीभर चालली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या पेन्शनचा अर्जही तिनं लिहून दिला. सगळा मजला आता आमच्या खोलीत असतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे तिला मान्य नाही. व्यायाम सांगितला की ती मला कारण विचारते.

हे पत्र तिला न दाखवता लिहिते आहे. मामा, तू उभा राहा. मी रोज पेशंटांची बडबड ऐकते. लोक दमलेत. निवडणुका लढवून लढवून जे तरबेज झाले, त्यांनी आम्हाला काय दिलं? माझ्या इस्पितळात एक यंत्र तीन वर्षं खोक्यात पडून आहे, कारण ते कुणाच्या हातानं सुरू करायचं यावर दोन निवडून आलेले लोक भांडतायत. तू असतास तर पहिल्याच दिवशी खोकं उघडलं असतंस. अनुभव अनुभव म्हणतात, पण चोरीचा अनुभव हासुद्धा अनुभवच की! तू चाळीस वर्षं नोकरी करून दोन खोल्यांत राहतोस, एवढं मला पुरे आहे.

आईला मी विचारलं, की मामानं राष्ट्राध्यक्ष व्हावं का. ती म्हणाली, त्याला बाकावर बसायला सांगितलं आहे. मी म्हटलं हे काय उत्तर झालं? तर म्हणाली पाय दुखतो, झोपू दे. तिचा पाय सोयीनं दुखतो हे तुला माहीत आहेच.

माझं एक मत तुझ्या खिशात आहे असं समज आणि मला विसरू नकोस.
तुझी,
भाची

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक चांगली बातमी. पाण्याच्या वेळांचा प्रश्न सोडवला.

गेल्या शुक्रवारी, तेरा तारखेला, दोन्ही गल्ल्यांना बोलावलं. खोलीत मावेनात म्हणून दार उघडं ठेवलं. मी फळ्यावर आकृती काढली. नळाची मुख्य चावी एक, त्यामुळे एका वेळी एकाच गल्लीला पाणी. साडेपाच ते साडेसहा पहिली पाळी, साडेसहा ते साडेसात दुसरी. एक आठवडा वरची गल्ली पहिली, पुढचा आठवडा खालची. बुधवार-रविवारची भानगड बंद. तराजूत घालून पाहिलं तरी काटा हलणार नाही. शेवटी मी दोनदा विचारलं की कुणाला काही शंका आहे का. कुणी बोललं नाही. खालच्या गल्लीतल्या सगळ्यांनी मान डोलावून होय साहेब म्हटलं. टपालमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या.

तू वचन देऊ नकोस म्हणाली होतीस, आणि मी वचन दिलेलं नाही, सरळ काम केलं. चावी फिरवणाऱ्या पाणीखात्याच्या माणसाला नवा कागद दिला, तोही होय साहेब म्हणाला. काल सोमवारपासून नवी पद्धत सुरू झाली, वरची गल्ली पहिली. दोन दिवसांत एकही तक्रार नाही. तुझा जुना कागद काढून कपाटात ठेवला आहे.

वर्तमानपत्रवाल्यानं फळ्यासमोर माझा फोटो काढला. त्याच्या मते हाच माझा प्रचार: अकरा वर्षांचा गुंता, चाळीस मिनिटांत सुटला. मी हसलो, पण तुझ्यापासून काय लपवू, छातीत कुठंतरी बरं वाटलं. वाटलं, देश म्हणजे तरी काय, मोठा वॉर्डच.

मंत्री मजेत. तुझ्या उशीवर झोपतो.
माया आहे तशीच ठेव.
तुझा,
टिल्लू

दि. २३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज आलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा लेकीनं काढून घेतलं, कारण माझं रक्तदाब मोजायचं यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं.

तो कागद मी वेड लागलं म्हणून तसा लिहिला नव्हता. खालच्या गल्लीतल्या सात बायका इस्पितळाच्या लाँड्रीत जातात. सव्वासहाला घर सोडावं लागतं. साडेसहाला पाणी सोडलंस तर भरणार कोण? सहाजणींच्या घरी कुणी ना कुणी आहे. सातवीच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, दुसरं माणूस नाही. म्हणून कामाच्या दिवशी खालची गल्ली पहिली. बुधवारी लाँड्री उशिरा सुरू होते, म्हणून तेवढा वार वरच्या गल्लीला पहिला. रविवारी लाँड्री बंद, म्हणून उलटं. कागदावरचं प्रत्येक ठिगळ म्हणजे कुणाशी तरी झालेलं एक भांडण आहे रे. ते मिटवायला मला अकरा वर्षं लागली आणि मधल्या एका निवडणुकीत मी सत्तावीस मतांनी पडले. ते सत्तावीस जण कोण, तेही मला तोंडपाठ आहे. सगळे वरच्या गल्लीतले.

हे तुला त्या सभेत का कुणी सांगितलं नाही, असं विचारशील. फळा, खुर्च्यांची रांग आणि फौजेचा साहेब समोर. टेबलासमोर माणूस होयच म्हणतो. मलासुद्धा म्हणतो, तर तुला म्हणणारच. म्हणून तर बाक आहे. सहा वाजता मी तिथं बसते तेव्हा मी नगरसेविका नसते, शेंगा सोलत बसलेली बाई असते. मग कुणीतरी शेजारी टेकतं, रस्त्याकडे बघतं आणि खरं बोलतं.

पत्र मिळताच जुना कागद लाव. आणि सातवीकडे कसं चाललंय ते बघ. लाँड्रीत तीनदा उशीर चालतो, चौथ्यांदा काम जातं.

रागावले आहे, पण तुझ्यावरची माया रागाहून जुनी आहे.
तुझी,
ताई

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण त्यात काय असेल याचा अंदाज आज मला आला आहे.

आज ऑफिसातला पंखा बंद पडला. पाच वाजता उकाड्यानं जीव नकोसा झाला तेव्हा मी बाहेर येऊन बाकावर बसलो. सदरा घामानं भिजलेला, पायांत तुझ्या यांच्या जुन्या सपाता. थोड्या वेळानं एक चाळिशीची बाई येऊन दुसऱ्या टोकाला टेकली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी सहज विचारलं की काही काम होतं का आत. ती म्हणाली, आत जायचं नाही, दम खाते आहे, सकाळपासून काम शोधत फिरते आहे.

मग तिनं सांगितलं. आत जे साहेब बसतात ते माणूस म्हणून चांगले आहेत, असं तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, त्यांनी पाण्याच्या वेळा सारख्या करून दिल्या आणि वरच्या गल्लीची पाळी पहिली आली त्या आठवड्यात तिला बसच्या गॅरेजातून हंडे आणावे लागले. घरी आई पडून. सोमवारी उशीर, मंगळवारी उशीर. बुधवारी लाँड्री मुळातच उशिरा, म्हणून निभावलं. गुरुवारी उशीर. शुक्रवारी, वीस तारखेला, चौथ्यांदा उशीर झाला आणि मुकादमबाईनं उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी विचारलं की साहेबांना का नाही सांगितलंस. म्हणाली, त्यांनी शंका विचारली होती, शंका नव्हतीच, पाणी मिळणार नाही हे तर नक्की ठाऊक होतं.

ताई, मी चाळीस वर्षं प्रत्येक बैठकीच्या शेवटी ‘कुणाला काही शंका’ विचारत आलो. गप्प बसणं म्हणजे मान्य, हे मी धरून चाललो होतो. तिला ओळख दिली नाही. धीर झाला नाही.

जुना कागद मघाशीच परत भिंतीवर लावला आणि पाणीखात्याच्या माणसाच्या घरी जाऊन आलो. शिवाय इस्पितळाच्या मुख्य अधिकाऱ्याला फोन केला. दोन मिनिटांत काम झालं, ती सोमवारी कामावर हजर होईल. तेव्हा नुकसान भरून निघालं आहे. तरी मन थाऱ्यावर नाही.

मला काय म्हणायचं ते म्हण, फक्त अबोला धरू नकोस.
तुझा,
टिल्लू

दि. ४ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

अबोला धरायला मला जमलं असतं तर मी राजकारणात पडले नसते.

बाकावर बसलास, पंख्याच्या कृपेनं का होईना. तिचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस, त्यानं माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा त्या फोनसाठी ठेवला आहे. अरे, लाँड्रीत सातच जागा आहेत आणि रिकामी झालेली जागा दुसऱ्या दिवशी भरते. सातवी परत आली तर कुणाला काढलं? विचारलंस का? फोनवर पलीकडून होय साहेब ऐकू येतं, त्याच्या मागं कोण रडतंय ते येत नाही. जा आणि विचार. फोनवर नाही, पायी.

आता तू ज्याची वाट बघतो आहेस ते. लेक मला चोरून तुला पत्र लिहिते हे मला ठाऊक आहे. तिचं चुकलेलं नाही. निवडून आलेले सगळे शहाणे असते तर मला तीन वेळा उभं राहावं लागलं नसतं. माझ्या शेजारी दहा वर्षं असे सभासद बसले, की त्यांना स्वतःच्या वॉर्डातली गल्ली दाखवावी लागेल. नुसत्या निवडणुकीनं माणूस घडत नाही. आणि तू प्रामाणिक आहेस, नेटका आहेस, घाबरत नाहीस. हे गुण बाजारात मिळत नाहीत.

पण मतं मागायला दारोदार फिरताना एक गोष्ट अंगात मुरते. लोक तोंडावर दार लावतात. नाही म्हणतात. शिव्या देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दाराशी पुन्हा जावं लागतं. ही सवय फार कामाची आहे. तुझं तसं झालं नाही. तू सांगायचास आणि व्हायचं. तुझा दोष नाही, फौज तशीच चालायला हवी. मला एवढंच सांग, टिल्लू, त्या चाळीस वर्षांत तुला तोंडावर कोण नाही म्हणालं? नीट आठवून लिही.

तुझी काळजी वाटते म्हणून बोलते, ती वाटू देत राहा.
तुझी,
ताई

दि. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं होतं. सातवीच्या जागी नुकत्याच लागलेल्या मुलीला काढलं. फोनवर मला ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पायी गेलो. लाँड्रीची मुकादमबाई म्हणजे आडव्या बांध्याची, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी माझी चूक सांगितली आणि दोघींनाही ठेवा अशी विनंती केली. तिनं नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं तिनं मला ओळखलं नसेल, म्हणून मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली ठाऊक आहे, तरी नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, रोज येऊन दार अडवता त्यापेक्षा हात लावा. मी साडेतीन तास चादरींच्या घड्या घातल्या. चौघींनी मिळून मोठी चादर कशी ओढायची ते शिकलो. माझ्या घड्या तिनं दोनदा मोडून परत घालायला लावल्या. चौथ्या दिवशी तिनं सांगितलं की आठव्या जागेसाठी ती दोन वर्षं अर्ज करते आहे आणि नगरपालिका तो दाबून बसली आहे. तो अर्ज सोबत पाठवतो. वरच्या गल्लीतल्या एकतीस जणांच्या सह्या आहेत. त्यासाठी मी दारोदार गेलो. टपालमास्तरांनी दार लावलं. तिसऱ्या खेपेला सही केली. शिफारस म्हणून खाली सही तुझी लागेल. माझ्या सहीला तिथं काही अर्थ नाही, आणि ते बरोबरच आहे.

मंगळवारी ऑफिसात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. शाळेच्या खुर्च्या परत पाठवल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आठ दिवस आठवतो आहे. एकच माणूस सापडला. मी तरुण मेजर होतो. नदी ओलांडायची होती. एक म्हातारा सार्जंट पुढं येऊन म्हणाला की पहाटेपर्यंत पाणी चढेल, आज जाऊ नये. मी त्याला गप्प बसवलं. आम्ही गेलो आणि पाणी चढलं नाही. सगळे सुखरूप पोचले, मला पदक मिळालं. त्यानंतर मला कुणी नाही म्हणालं नाही. ताई, माझं खरं नुकसान त्या रात्री झालं असं आता वाटतं. पाणी चढायला हवं होतं असं म्हणवत नाही, पण त्या सार्जंटला मी नंतर साधं विचारलंही नाही की तुला तसं का वाटलं. त्याला नदीची काय खूण दिसली होती ते आता मला कधीच कळणार नाही.

पक्षाचे तिघे परवा पुन्हा आले. मी त्यांना म्हटलं की मी का उभं राहू नये याची दोन कारणं तुमच्यापैकी कुणीतरी द्या. तिघे हसले. कारखानदार म्हणाला, ही विनयशीलताच लोकांना आवडेल. वीस तारीख आठवड्यावर आली. तू सांग, तसं करतो.

अर्जावर सही करून पाठव आणि सोबत थोडी माया पाठव.
तुझा,
टिल्लू

दि. १७ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

अर्ज सही करून सोबत पाठवला आहे. जागा मंजूर होईल. नाही म्हणून जातील कुठं, मी काठी घेऊन येणार आहे.

तू चादरींच्या घड्या घातल्यास हे वाचून मी इतकी हसले, की परिचारिका धावत आली. नंतर सार्जंटचं वाचलं. लेकीला वाचून दाखवलं. तिनं पत्र मागून घेऊन पुन्हा वाचलं.

तू सांग तसं करतो म्हणतोस. ते मी सांगणार नाही. आयुष्यभर तू हुकूम दिलेस, आता एक हुकूम घेऊन मोकळा होऊ बघतोस! पण लपवत नाही. महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर मी उभा राहू नकोस असं ठणकावून सांगितलं असतं. आज तसं सांगायला जीभ वळत नाही. चूक चारचौघांत कबूल करणारा राष्ट्राध्यक्ष मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा उभा राहिलास तर मी तुला मत देईन, आणि तुझ्या शेजारी एक बाक ठेवायला सांगीन. फक्त तिथं तुला बसू देतील का, याची मला शंका आहे.

आणखी एक. डॉक्टरांनी जिने चढायला कायमची बंदी केली आहे. जिना न चढता मतं मागता येत नाहीत. तेव्हा पावसाळ्यानंतरच्या नगरपालिकेच्या निवडणुकीला मी उभी राहणार नाही. हे तुलाच आधी सांगते आहे. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण झालं ते पुष्कळ झालं.

जे ठरवशील त्यानंतरही माझा टिल्लूच राहा.
तुझी,
ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठवी जागा मंजूर झाली. नवी मुलगी कालपासून कामावर आहे. मुकादमबाईनं निरोप पाठवला की आता मी रोज येऊन दार अडवू नये.

वीस तारखेला पक्षाच्या तिघांना मी नाही म्हणून कळवलं. तू मत देईन म्हणालीस तेव्हा खरं तर मोह झाला. पण एका गल्लीच्या पाण्यात मी एका बाईचं काम घालवलं आणि ते मला सात दिवस कळलं नाही. देश चालवताना ते कळायला किती वर्षं लागली असती, आणि कोण सांगायला आलं असतं? फौजी माणसानं राष्ट्राध्यक्ष होऊच नये असं मी म्हणत नाही. कुणी होईल, चांगला होईल. मी अजून कच्चा आहे. वर्तमानपत्रवाला रागावला. वकिलानं मात्र जाताना दारात थांबून, हळू आवाजात, मला योग्य केलंत म्हणून सांगितलं. तो आधी बाकावर बसला असता तर बरं झालं असतं. भाचीला वाईट वाटलं. मी तिला सांगितलं की तुझ्या इस्पितळातलं यंत्राचं खोकं कुणाच्या सहीवाचून अडलं आहे ते लिही, आपण दोघं मिळून अर्ज करू.

तुझ्या वॉर्डात पावसाळ्यानंतर मी उभं राहावं का, असा विचार मनात आला आहे. तुझी परवानगी लागेल. टपालमास्तरांनी आताच तोंडावर सांगितलं आहे की जुना कागद परत लावल्यामुळे ते मला मत देणार नाहीत. म्हणजे सत्तावीसातला एक मला आताच कळला.

आज सहा वाजता बाकावर बसलो. लाँड्रीतली बाई कामावरून परतताना येऊन टेकली. मी तिला सांगायला लागलो की त्या दिवशी जो माणूस होता तो मीच. ती म्हणाली, ठाऊक होतं. आल्या आल्याच ओळखलं होतं. आत टेबलापुढं जीभ उचलली नसती, म्हणून बाकावर तुम्ही कधी येऊन बसता याची ती तीन शुक्रवार वाट बघत होती. सभेच्या दिवशीही सहानंतर थांबून गेली होती, ताई. मी घरात मंत्र्याला दूध देत होतो.

मग मी तिला उभं राहण्याचा विचार सांगितला आणि तिचं मत मागितलं. आयुष्यातलं पहिलं. ती नाही म्हणाली. मुकादमबाई उभी राहणार आहे, तिलाच देणार. मी म्हटलं, निदान विचार तरी कर. तरीही नाही म्हणाली, रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघून. मग आपली पिशवी उचलून घरी गेली. मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो होतो, आणि ताई, मला फार बरं वाटत होतं.

बाकाखालचा कागद बदलला आहे. लवकर ये. तुझं मत कुणाला, ते पत्रात लिहू नकोस. शेजारी बसून सांग.
तुझा,
टिल्लू